दुसरबीडहून धर्मादाय खाटेपर्यंत

सकाळी 6.30

चहा व्हायच्या आत फोन. "भाऊ, डिपाझिट मागू राह्यले. कुठून आणू?" गल्लीतल्या मावशींचा मुलगा छत्रपती संभाजीनगरच्या एका मोठ्या रुग्णालयातून बोलत होता. काकांना रात्री झटका आलेला. म्हटलं, पाटीवर 'धर्मादाय' लिहिलंय का बघ. लिहिलेलं होतं. मग आधी तिथल्या समाजसेवकाला गाठ, घरचं रेशनकार्ड त्याच्यापुढे ठेव आणि ठामपणे सांग की, तातडीच्या गरीब रुग्णाकडून अनामत घेता येत नाही.

10.30

एसटीनं सिंदखेडराजा. धर्मादाय खाटेसाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला हाताशी हवा. तलाठ्याचा अहवाल, सातबारा, स्वयंघोषणापत्र, आधार. सेवा केंद्रातल्या पोरानं अर्ज भरता भरता विचारलं, "उत्पन्न किती लिहू?" सगळं या एका रकान्यावर आहे. वर्षाचं उत्पन्न 1,80,000 पर्यंत असेल तर उपचार मोफत. 3,60,000 पर्यंत असेल तर सवलतीत. खरं तेच लिहा म्हटलं. कोरडवाहू सोयाबीनवाल्याला आकडा लपवायची गरजच नसते.

1.00

सर्व्हर बंद. बाकावर बसून शेजारच्या दोघांना कायदा समजावला. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम 41 कक आणि त्याखालची उच्च न्यायालयाची 2006 ची योजना: धर्मादाय रुग्णालयानं 10 टक्के खाटा निर्धनांना, 10 टक्के दुर्बलांना द्यायच्या, त्यासाठी बिलांच्या 2 टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची. त्याच वर्षी ब्रिटननं स्वयंसेवी क्षेत्रासाठी वेगळा मंत्री नेमला. आपल्याकडे धर्मादाय आयुक्त विधी व न्याय खात्याखाली येतात. ट्रस्टची नोंद, हिशेब, वाद हे काम तिथं चालतं. पण पेशंटबरोबर रात्र काढणाऱ्या गावातल्या पोरांची दखल घेणारं खातं मला दिसत नाही. असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. हक्क कागदावर पक्का आहे, तो खेड्यातल्या घरापर्यंत नेणारा माणूस मात्र ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडलेला आहे.

4.00

दाखल्याची पावती मिळाली. फोटो काढून लगेच मुलाला पाठवला.

6.00

दुसरबीड. आमच्या संस्थेचा हिशेब घेऊन बसलो. 30 सप्टेंबरच्या आत लेखापरीक्षण व्हायला हवं, आणि विश्वस्त बदलल्याचा अहवाल 90 दिवसांत बुलढाण्याच्या सहायक धर्मादाय आयुक्तांकडे. कंटाळवाणं काम, पण लोकांनी विश्वासानं दिलेल्या पैशाचा हिशेब चोख ठेवायलाच हवा.

9.00

मुलाचा फोन: काका आयसीयूत, अनामत भरावी लागली नाही, दाखला तीन दिवसांत द्यायचाय. जेवून ग्रामसभेसाठी अर्ज लिहायला घेतला. जालना आणि संभाजीनगरच्या धर्मादाय रुग्णालयांची नावं, तिथल्या समाजसेवकांचे नंबर आणि या दोन उत्पन्नमर्यादा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ठळक रंगवाव्यात.