चुलीचा इतिहास कोण लिहिणार?

स्वयंपाकाच्या पुस्तकाचा आणि चळवळीचा संबंध काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. परंतु ज्या समाजाला गुलाम ठेवायचे असते त्याचे पाणी आणि त्याचे ताट आधी ताब्यात घेतले जाते, हे चवदार तळ्याचे वारसदार असलेल्या आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून आज आम्ही एका अमेरिकन पाककृतीच्या पुस्तकाविषयी लिहीत आहोत. पुस्तकाचे नाव 'द टेस्ट ऑफ कंट्री कुकिंग', प्रकाशनाचे साल १९७६ आणि लेखिका एडना लुईस.

एडनाबाईंचा जन्म एप्रिल १९१६ चा. त्याच्या पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये तरुण भीमरावांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला होता. एडनाबाईंचे गाव व्हर्जिनिया राज्यातले फ्रीटाऊन. फ्रीटाऊन म्हणजे मुक्तांचे गाव! गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या कुटुंबांनी ते वसवले. वसवणाऱ्यांत एडनाबाईंचे आजोबा होते आणि गावातली पहिली शाळा त्यांच्याच घरात भरली. स्वातंत्र्य मिळताच या माणसांनी आधी जमीन धरली आणि घरात शाळा भरवली. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे ज्यांच्या कानी कधी पडले नव्हते, त्यांनाही मुक्तीचा मार्ग हाच दिसला.

हे पुस्तक ऋतूंप्रमाणे रचलेले आहे. वसंतात रानभाज्या, उन्हाळ्यात गव्हाच्या कापणीला आलेल्या शेजाऱ्यांचे जेवण, हिवाळ्यात डुक्कर कापण्याचा दिवस. वजनकाटा नव्हता, म्हणून नाण्यावर मावेल तेवढी बेकिंग पावडर घ्यायची. केक झाला की नाही, हे त्याचा आवाज कान देऊन ऐकून ठरवायचे. आणि एक पंगत आहे गुलामगिरीतून मुक्ती मिळाल्याच्या दिवसाची. आपल्याकडे चौदा एप्रिलला वस्तीत जी चूल पेटते, तिच्याच नात्यातली ही चूल!

या पुस्तकाचे मोल कळण्यासाठी त्याआधीचा इतिहास पाहावा लागतो. अमेरिकेच्या दक्षिणेत मालकांच्या स्वयंपाकघरात राबले ते गुलाम काळे हात. भेंडी आणि चवळी आफ्रिकेतून त्या भूमीवर पोहोचली ती गुलामांच्या जहाजांच्या काळात. मात्र पुस्तकावर नाव लागले ते गोऱ्या मालकिणीचे, आणि त्या जेवणाला 'दक्षिणेचा पाहुणचार' म्हणून कौतुक मिळाले. काळ्या स्वयंपाकिणीच्या वाट्याला काय आले? पॅनकेकच्या पिठाच्या खोक्यावरचा हसरा चेहरा! 'आंट जेमायमा' नावाचा हा छाप १८८९ पासून बाजारात होता. तो मागे घेण्याची घोषणा व्हायला २०२० साल उजाडावे लागले.

तरीही काही स्त्रियांनी आपले ज्ञान आपल्या नावावर नोंदवले. मालिंडा रसेल या स्वतंत्र काळ्या स्त्रीने १८६६ मध्ये मिशिगन राज्यात पाककृतींचे पुस्तक छापले. गुलामगिरीत जन्मलेल्या अॅबी फिशर यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी सांगितले, इतरांनी लिहून घेतले आणि १८८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचे पुस्तक निघाले. निरक्षर म्हणजे अज्ञानी नव्हे, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

आता आपल्याकडे वळू. मराठीत पाककृतीची पुस्तके भरपूर खपतात. 'महाराष्ट्रीय जेवण' म्हणून त्यांत जे मांडले जाते ते बहुतांशी पांढरपेशांच्या घरचे असते. गावकुसाबाहेरच्या चुलीला त्यात जागा किती? आमच्या आयाबहिणींनी हिरवी मिरची, मीठ आणि मूठभर पिठावर लेकरे वाढवली, ते ज्ञान कोणत्या पुस्तकात आहे? शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली आणि २०२४ मध्ये तिचा इंग्रजी अनुवादही निघाला. अशा पुस्तकांची आम्हाला रांग हवी आहे.

काही बांधव विचारतील, बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले, मग त्या जुन्या गोष्टी पुन्हा कशाला उकरायच्या? प्रश्न रास्त आहे. पण बाबासाहेबांनी सोडायला सांगितली ती लाचारी. लाचारीचा इतिहास पुसून टाका, असे त्यांनी कधीच सांगितले नाही. उलट 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात त्यांनी जयपूर संस्थानातील चकवारा गावाची हकिगत नोंदवून ठेवली. अस्पृश्यांनी पंगतीत तूप वाढले, एवढ्याच कारणावरून १९३६ मध्ये तिथे सवर्णांनी लाठ्यांनी हल्ला केला. ताटात काय पडावे हेही जात ठरवते, हे त्यांनी जगापुढे मांडले. आपण ते लिहून ठेवले नाही, तर उद्या हेच लोक म्हणतील, असे काही घडलेच नव्हते.

एडना लुईस यांनी आपल्या गावाचे वर्णन करताना कुठेही दयेची भीक मागितलेली नाही. आम्ही स्वतंत्र झालो, राबलो, पिकवले, वाटून खाल्ले, एवढेच त्या ताठ मानेने सांगतात. २००६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०१४ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले. गुलामाच्या नातीला हा मान मिळाला, कारण तिने आपल्या चुलीचा इतिहास दुसऱ्याच्या हाती सोपवला नाही.

आमची वाचकांना एकच विनंती आहे. घरात आजी असेल तर आज तिच्याजवळ वही घेऊन बसा. दुष्काळात काय शिजवले, सणाला काय मागून आणावे लागले, मागणे कधी बंद केले आणि बंद केल्यावर पहिल्या दिवशी स्वतःच्या कष्टाचे काय रांधले, हे तिला विचारा आणि तिच्याच शब्दांत उतरवून घ्या. वर तिचे नाव घाला. आजी गेल्यावर हे सांगणारे कोणी उरणार नाही.