हिरव्या समुद्रातली उपासमार

अरबी समुद्राला वर्षातून दोनदा सुगी येते. पहिली पावसाळ्यात: नैर्ऋत्य वारे केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर लोटतात आणि खालचं गार, नायट्रेट-सिलिकेटनं भरलेलं पाणी वर येतं. दुसरी हिवाळ्यात, उत्तर भागात. हिमालयाकडून आलेला कोरडा, थंड वारा पृष्ठभागाचं पाणी गार करतो. ते जड होऊन खाली बसतं आणि खोलातलं खत वर घुसळलं जातं. दोन्ही वेळा या खतावर पहिला हक्क डायॅटमचा. सिलिकाच्या कवचात राहणारं हे एकपेशीय शैवाल कोपेपॉड हे सूक्ष्म प्राणी खातात, कोपेपॉडांवर छोटे मासे जगतात आणि त्यांच्यावर सुरमई. तारलीसारखा मासा तर थेट डायॅटमवरच ताव मारतो.

2000 नंतर हिवाळी सुगीत नवा वाटेकरी ठळकपणे दिसू लागला: नॉक्टिल्युका. ही एकच पेशी, पण मिलिमीटरच्या आसपास भरणारी, म्हणजे नुसत्या डोळ्यांनाही दिसणारी. सूक्ष्मदर्शकाखाली ती पारदर्शक फुग्यासारखी दिसते. एका बाजूला खाच, खाचेपाशी हलणारा शेपटीसारखा अवयव. आत पेडिनोमोनास नावाचे हजारो हिरवे जीव चक्क पोहत असतात. ऊन असलं की हे आतले भाडेकरू अन्न तयार करून घरमालकाला देतात. तेवढ्यावर भागलं नाही, तर घरमालक स्वतः डायॅटम गिळतो. रात्री लाट फुटली की हाच जीव निळा चमकतो आणि किनाऱ्यावर मोबाइल बाहेर निघतात.

मूळचे गोव्याचे आणि आता अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमाँट-डोहर्टी वेधशाळेत काम करणारे हेल्गा गोम्स व जोकिम गोएस यांनी या बदलाचा माग काढला. 2014 च्या शोधनिबंधात त्यांनी व सहकाऱ्यांनी दाखवलं, की प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात डायॅटम मागे पडतात, नॉक्टिल्युका मात्र फोफावतो. 2020 मध्ये त्यांनी दुसरा धागा जोडला. हिमालय-तिबेटवरचं बर्फ घटतंय, त्यामुळे हिवाळी वारे पूर्वीइतके थंड आणि कोरडे राहिले नाहीत. पाणी कमी घुसळतं, खत कमी वर येतं. नुसत्या खतावर जगणारा डायॅटम उपाशी राहतो. दोन्हीकडून खाणाऱ्या नॉक्टिल्युकाचं फावतं.

नॉक्टिल्युकाचा एवढा मोठा घास कोपेपॉडांना झेपत नाही. तो खातात साल्प हे पारदर्शक, जेलीसारखे जीव आणि जेलीफिश, आणि त्यांना खाणारे मोजकेच. समुद्री कासवं त्यांतली महत्त्वाची. कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांच्या आहारातही जेलीफिश असते. पण हीच कासवं ट्रॉलच्या जाळ्यात अडकून मरतात. म्हणजे साखळी खालून तापमानामुळे उसवते आणि वरून आपल्या जाळ्यांमुळे. दोन्ही टोकं एकाच वेळी सुटली, की मधल्या माशांचं काय होणार?

तारलीचा हिशेब अर्थात इतका सरळ नाही. केरळात 2012 मध्ये सुमारे 3.9 लाख टन तारली उतरली. 2021 मध्ये केवळ 3,297 टन. पुढच्याच वर्षी आकडा पुन्हा लाखापुढे गेला. या चढउतारांत एल निनो आहे, पावसाचा लहरीपणा आहे आणि पिल्लांसकट होणारी बेसुमार मासेमारीही आहे. तारली परत आली म्हणून समुद्र सावरला असं म्हणता येत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या 2016 च्या अभ्यासानुसार, पश्चिम हिंदी महासागरातलं वनस्पतीप्लवक, म्हणजे डायॅटमसारखे तरंगते सूक्ष्म शैवाल, सहा दशकांत 20 टक्क्यांपर्यंत घटलं. वर तापलेलं हलकं पाणी झाकणासारखं बसतं आणि खालचं खत अडवतं. 1985 पर्यंत जवळजवळ सगळी तारली मलबार पट्ट्यात मिळे. नंतर ती उत्तरेकडे आणि पूर्व किनाऱ्यावरही सरकली. पण सरकणारा मासा आपलं खाद्य सोबत नेत नाही.

आपले उपाय मात्र माशापाशीच थांबतात. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, 2023 मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला, जाळ्याच्या आसावरही नियम आहेत. हे सगळं हवंच, आणि कडकपणे पाळलं जायला हवं. वरची गळती थांबवणं आपल्याच हातात आहे. पण खालचंही मोजायला हवं. हैदराबादची इन्कॉइस ही सागरी माहिती संस्था उपग्रहातून हरितद्रव्य आणि तापमान पाहून मासे कुठे मिळतील याचा अंदाज मच्छीमारांना देते. नुसत्या हरितद्रव्याच्या आकड्यावरून ते डायॅटमचं की नॉक्टिल्युकाचं, हे कळत नाही. त्यासाठी बंदराबंदरांतून बारमाही पाण्याचे नमुने घेऊन प्लवकांच्या जाती नोंदवाव्या लागतील. बंदरावर उतरलेल्या टोपल्या मोजणं म्हणजे झालेल्या नुकसानीची नोंद. येणाऱ्या नुकसानीची चाहूल लागते ती प्लवकांत.