खेळातला जवान आणि गावकुसाबाहेरचा जवान

मे २०२५ मध्ये सीमेवर तोफा धडाडत होत्या, तेव्हाची गोष्ट. आमचा एकोणीस वर्षांचा भाचा रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर लढाईचा गेम खेळत बसे आणि पहाटे पाचला भरतीच्या तयारीसाठी मैदानावर पळायला जाई. आम्ही त्याला सहज म्हणालो, "अरे, या खेळातही राजकारण असते." तो हसला. म्हणाला, "मामा, तुम्हाला सगळ्यातच राजकारण दिसतं. गेम म्हणजे गेम!"

हे एकट्या भाच्याचे मत नाही. आमचे शिकलेसवरलेले लोकही हल्ली हेच बोलतात. खेळात राजकारण नको, कथा-कादंबरीत राजकारण नको. मग खेळात राजकारण आणले कोणी? जून २०२० मध्ये गलवानला २० जवान शहीद झाले. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजीसह ११८ अ‍ॅपवर बंदी घातली. पुढे २६ जानेवारी २०२१ चा मुहूर्त साधून गलवानचीच लढाई दाखवणारा देशी गेम बाजारात आला. सप्टेंबर २०२५ मध्ये दुबईत आपल्या क्रिकेटपटूंनी पाकिस्तानी खेळाडूंशी हस्तांदोलन केले नाही. म्हणजे सरकारला, बाजाराला, क्रिकेटला राजकारण चालते. आम्ही प्रश्न विचारला की मात्र खेळाचे पावित्र्य भंगते!

क्रिकेटचेच घ्या. चर्मकार समाजातले पालवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. पण पुण्यात त्यांना चहा वेगळ्या, मातीच्या भांड्यात मिळत असे आणि हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते राजकारण नव्हते काय?

साहित्यातही तेच. अण्णा भाऊ साठे यांनी 'फकिरा' कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ मध्ये आला. आमच्या औरंगाबादेतून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातून, डॉ. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवले. याला साहित्य म्हणायचे की प्रचार, असे नाक मुरडणारे तेव्हाही होते. ज्याच्या कथेत वाडा असतो ती कथा शुद्ध, आणि ज्याच्या कथेत गावकुसाबाहेरची वस्ती असते ती राजकीय, हा कुठला न्याय?

आता युद्धाकडे वळू. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात आमचे पूर्वज लढले. तरीही १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली, तेव्हा १९१७ मध्ये महार पलटण उभी केली. गरज सरताच १९२१ मध्ये मोडीत काढली. गरज सरो नि वैद्य मरो! बाबासाहेबांना हा इतिहास पाठ होता. १९४१ मध्ये ते राष्ट्रीय संरक्षण मंडळावर होते आणि त्याच वर्षी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. बाबासाहेबांनी युद्धाला पाठिंबा दिला तो डोळे उघडे ठेवून, समाजाचा हक्क मागत.

१६ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानी सैन्याने ढाक्यात शरणागती पत्करली. देशभर जल्लोष झाला. पण त्यानंतरच्याच वर्षी परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित स्त्रीची विटंबना झाली आणि पुणे जिल्ह्यातल्या बावड्यात दलितांवर बहिष्कार पडला. त्याच १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली आणि राजा ढाले यांनी 'साधना'त 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख लिहिला. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात हे काय, म्हणून केवढा गहजब झाला! विजयाच्या गुलालाने गावकूस पुसले जात नाही, एवढेच त्या तरुणांना सांगायचे होते.

आम्हीही त्यातून गेलो आहोत. १९९९ मध्ये कारगिलच्या वेळी कॉलेजात होतो. क्रांती चौकात घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. पुढे २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. तेव्हा आमच्याबरोबर घोषणा देणारे मित्र आम्ही रस्त्यावर शोधत राहिलो. ते आले नाहीत. तो भ्रमनिरास अजून गेलेला नाही.

म्हणून आम्ही भाच्याला भरतीला जाऊ नको म्हटले नाही. सैन्यात जाणे हा आमचा वारसा आहे. आम्ही त्याला फक्त दोन गोष्टी वाचायला दिल्या. एक 'फकिरा', आणि दुसरी जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेची अटींची कागदपत्रे. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्केच कायम, बाकीच्यांना एकरकमी सेवा निधी, पण निवृत्तिवेतन नाही. वकील म्हणून सांगतो, सही करण्याआधी अटी वाचाव्यात. गेममध्ये मेलेला जवान पुढच्या डावात उठतो. घरी परतलेल्या जवानाला तेवीस-चोवीसाव्या वर्षी नवा डाव मांडावा लागतो, तो कशाच्या बळावर?

भाच्याने गेम सोडलेला नाही. पण गेल्या आठवड्यात त्याने आपणहून विचारले, "मामा, १९२१ ला घरी पाठवलेल्या त्या जवानांचं पुढं काय झालं असंल?"

समाजबांधवांनो, तुमच्या घरातल्या पोरांनाही हा प्रश्न पडू द्या. त्यांच्या हातातला मोबाईल हिसकावू नका. त्याच्या शेजारी एक पुस्तक ठेवा. जयभीम!