रानफुलं घरी हवीत? पण कासहून नको!

पाऊस सुरू झाला की तुमच्या ग्रुपवर कासचा प्लॅन शिजायला लागेल. सप्टेंबरमध्ये जाल, रील काढाल आणि परत निघताना कुणाला तरी वाटेलच, 'एक रोप उपटून नेलं तर? गॅलरीत काय भारी दिसेल!'

नाही दिसणार. बहुतेक मरेल.

कासच्या जांभ्या दगडावर मातीचा थर अगदी पातळ असतो. त्यात पोषण इतकं कमी, की तिथली सीतेची आसवं आणि दवबिंदू या वनस्पती चक्क किडे पकडून भूक भागवतात. कुंडीतलं शेणखत आणि रोजचं पाणी हे लाड त्यांना झेपत नाहीत. शिवाय २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात कास आहे. तिथून फक्त फोटो आणायचे.

मग नर्सरीत जायचं? तिथे झेंडू आणि कॉसमॉस मूळचे मेक्सिकोचे, सदाफुली मादागास्करची, पिटुनिया दक्षिण अमेरिकेचा. दिसायला मस्त, पण आपल्या फुलपाखरांच्या अळ्यांना यांची पानं सहसा चालत नाहीत. पुण्याच्या टेकड्यांवर पावसाळ्यानंतर दिसणारा पिवळा कॉसमॉस हाही पाहुणाच, आणि तो देशी रोपांची जागा बळकावतोय. म्हणून 'वाइल्डफ्लॉवर मिक्स'चं पाकीट घेताना आत नक्की काय आहे ते आधी वाचा.

खरी देशी रानफुलं तुमच्या जवळच आहेत. सुरुवातीला ही तीन पुरेत.

तेरडा : गौरीच्या सणाला लागतो तोच. बी गावाकडे आत्या-मामीकडे मिळेल. पहिल्या पावसात मातीवर टाका, वर हलकी माती भुरभुरा. श्रावण-भाद्रपदात फुलेल, मधमाश्या येतील. पिकलेल्या बोंडाला हात लावा, ते फट्कन फुटून बी उडवतं. हा गेम मोबाईलवर नाही.

कोरांटी : पिवळ्या फुलांची, काटेरी. पावसाळ्यात फांदी खोचली तरी जगते. पाऊस सरल्यावर फुलते, म्हणजे तेरडा संपला की हिची पाळी.

रुई : शनिवारी मारुतीला वाहतात ती. हिला मोठी जागा लागते. रंगाची जुनी बादली घ्या, तळाला पाच-सहा भोकं पाडा. हिचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, हात लावल्यावर धुवा. प्लेन टायगर फुलपाखरू हिच्यावर अंडी घालतं.

कळलावी दिसायला सगळ्यांत देखणी, पण तिचा कंद पोटात गेला तर जिवावर बेतू शकतं. घरात लहान मूल किंवा मांजर-कुत्रा असेल तर नकोच.

बी किंवा फांदी रस्त्याकडेची, रिकाम्या प्लॉटवरची घ्या, तीही थोडीशीच. जंगलातून काही आणू नका. कुंडीत माती, थोडे विटांचे तुकडे आणि मूठभर शेणखत. चार-पाच तास ऊन मिळालं की झालं. खर्च जवळपास शून्य, त्यामुळे पॉकेटमनीचं टेन्शन नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. एक दिवस रुईच्या पानांना भोकं दिसतील. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी निवांत पान खात बसलेली असेल. घरचे म्हणतील, 'अगं बाई, कीड लागली, औषध मार!' मारू नका. ती कीड नाही, ते उद्याचं फुलपाखरू आहे. शोभेच्या बागेत खाल्लेलं पान म्हणजे नापास. या बागेत मात्र तेच पास झाल्याचं सर्टिफिकेट.

दुसरी परीक्षा दिवाळीच्या आसपास. तेरडा वाळून जाईल, कुंडी ओसाड दिसेल. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' असं म्हणतात ते खरंच आहे. पण खाली पडलेलं बी मातीतच असतं. म्हणून आईला नाहीतर रूममेटला आजच सांगून ठेवा : ही कुंडी रिकामी नाही, माती फेकायची नाही. पुढच्या जूनमध्ये पाऊस पडला की ती आपली आपण हिरवी होईल.