सेजचा पाला आणि जुने दावे

नवव्या शतकात कॉन्स्टन्स सरोवरातल्या रायखेनाउ बेटावर वालाफ्रिड स्ट्राबो नावाचा मठाधिपती होता. मठाच्या बागेवर त्यानं लॅटिनमध्ये दीर्घ कविता लिहिली. तिच्यात वीसहून अधिक वनस्पती आहेत आणि पहिला मान सेजला आहे. औषधी गुण गाता गाता तो या झुडपाची खोडही सांगतो: नवे फुटवे वेळीच काढले नाहीत, तर ते जुन्या झाडाच्याच जिवावर उठतात. हे नुसत्या पोथीपंडिताला सुचत नाही, त्यासाठी हात मातीत असावे लागतात.

सेज, म्हणजे साल्विया ऑफिसिनॅलिस, मूळचं भूमध्य समुद्राकाठचं. दाल्मेशियाच्या खडकाळ किनाऱ्यावर ते आजही रानोमाळ वाढतं. करडी, लवदार पानं आणि कापराच्या जवळ जाणारा वास. तुळस, पुदिना, मरवा याच कुळातले. वाशीम जिल्ह्यातल्या शेतांत अलीकडे दिसू लागलेला चिया तर त्याच वंशातला.

पहिल्या शतकात ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस लघवी आणि पाळी साफ होण्यासाठी, जखमेचं रक्त थांबवण्यासाठी, केस काळे करण्यासाठी हा पाला सांगतो. इ.स. 800 च्या सुमारास शार्लमेनच्या राजमळ्यांत लावायच्या झाडांच्या यादीत सेज आहे. पुढे सालेर्नोच्या वैद्यकीय परंपरेनं त्याला जवळजवळ संजीवनीच्या पंक्तीला बसवलं. गुण गाणारे वाढत गेले, पडताळून पाहणारे मात्र क्वचितच दिसतात.

यातला एक दावा फार चिवट निघाला. 1597 मध्ये जॉन जेरार्डच्या इंग्रजी वनौषधी ग्रंथात सेज डोक्याला आणि स्मरणशक्तीला उत्तम असल्याचं आलं. जेरार्डचं पुस्तक मुख्यतः डोडोन्स या फ्लेमिश वैद्याच्या ग्रंथावर बेतलेलं, त्यामुळे त्यातलं अनुभवाचं किती आणि उतरवून घेतलेलं किती, हे ओळखणं कठीण. तरीही विसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इंग्लंडमधल्या संशोधकांनी हाच धागा धरला. मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलीन मोडणाऱ्या विकराला सेज आवर घालतं, असं प्रयोगशाळेत दिसलं. अल्झायमरची काही औषधं नेमकं हेच काम करतात.

2003 मध्ये तिथेच निरोगी तरुणांना स्पॅनिश सेजच्या तेलाच्या कॅप्सूल दिल्या, तेव्हा ऐकवलेले शब्द आठवण्यात थोडी सुधारणा दिसली. त्याच वर्षी इराणमध्ये अल्झायमरच्या सौम्य ते मध्यम रुग्णांना चार महिने साध्या सेजचा अर्क देण्यात आला आणि खोट्या औषधापेक्षा त्याचा परिणाम बरा दिसला. रुग्ण थोडे होते. आशा ठेवावी इतपत हा पुरावा आहे, औषध म्हणून हाती द्यावं इतका नाही.

गंमत पुढे आहे. युरोपीय औषध संस्थेनं सेजच्या पानाला मान्यता दिली ती छातीतली जळजळ व पोट फुगणं, अति घाम, तोंड-घशाची सूज आणि त्वचेचा किरकोळ दाह एवढ्यासाठीच. तीही ‘पारंपरिक वापर’ या सदरात: किमान तीस वर्षं वापरात असणं पुरतं, चाचण्यांनी सिद्ध करावं लागत नाही. जिच्यामागे प्रयोगशाळा लागली, ती स्मरणशक्ती या यादीतच नाही. घामाच्या बाबतीत 2011 मधला एक स्विस अभ्यास सांगितला जातो. रजोनिवृत्तीत अंगातून वाफा येणाऱ्या स्त्रियांना ताज्या सेजच्या गोळ्या दिल्यावर आठ आठवड्यांत त्रास बराच उतरला, पण तुलनेसाठी खोट्या गोळीचा गटच नव्हता. या तक्रारीत खोट्या गोळीनंही बऱ्यापैकी उतार पडतो, म्हणून मला तो अभ्यास अपुरा वाटतो. घसा बसला की कोमट काढ्याच्या गुळण्या करणाऱ्या जर्मन घरांना अशा वादाशी देणंघेणं नाही.

सावधगिरी मात्र जुन्या वैद्यांपेक्षा आज जास्त बाळगावी लागते, कारण त्यांच्याकडे पाला होता आणि आपल्याकडे तेलाच्या बाटल्या आहेत. साध्या सेजच्या तेलात थुजोन असतं, ते जास्त पोटात गेलं तर झटके येऊ शकतात. स्पॅनिश जातीत ते जवळपास नसतं. अंगावरचं दूध आटवायला बायका पूर्वी सेज घेत. आज गरोदरपणी आणि बाळ अंगावर पीत असताना हे औषध घेऊ नये, असं सांगितलं जातं. लोण्यात चार पानं परतून पास्त्यावर घालणाऱ्या इटालियन स्वयंपाकघराला यातलं काही लागू होत नाही.