एचटीएमएल शुद्धीकरण

वापरकर्त्याने संकेतस्थळाकडे पाठविलेल्या एचटीएमएल मजकुरातून ब्राउझरमध्ये कार्यान्वित होऊ शकणारा भाग वगळून निरुपद्रवी भाग तेवढा ठेवण्याची प्रक्रिया. एचटीएमएल या भाषेत मजकुराची रचना ‘टॅग’ नावाच्या खुणांनी दर्शवितात. ठळक अक्षरे, परिच्छेद व दुवे यांप्रमाणेच जावास्क्रिप्ट भाषेतील आज्ञाही या खुणांद्वारे पृष्ठात घालता येतात. परक्याने घातलेली आज्ञा ब्राउझरला त्या संकेतस्थळाचीच वाटते. परिणामी ती पृष्ठ उघडणाऱ्याच्या नावाने व्यवहार करू शकते किंवा त्याची खाजगी माहिती अन्यत्र पाठवू शकते. या प्रकारच्या हल्ल्यास ‘क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग’ ही संज्ञा २००० पासून रूढ झाली.

निषिद्ध शब्द शोधून काढून टाकणे, ही पद्धत सोपी परंतु अपुरी आहे. मायस्पेस या अमेरिकी संकेतस्थळावर ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द गाळला जात असे. सॅमी कामकर याने त्या शब्दाच्या मध्येच ओळ तोडली. गाळणीला तो शब्द ओळखता आला नाही. काही ब्राउझरांनी मात्र तो अखंड वाचला. ४ ऑक्टोबर २००५ रोजी सोडलेली ही आज्ञावली २० तासांच्या आत दहा लाखांहून अधिक सदस्यांच्या पृष्ठांवर पसरली. तसेच एखाद्या टॅगच्या अक्षरांमध्ये तोच टॅग घुसविल्यास आतील टॅग काढताच बाहेरील तुकडे जुळून तो पुन्हा तयार होतो. मजकुराचा अर्थ अखेर गाळणी नव्हे, तर ब्राउझर ठरवितो; आणि सदोष एचटीएमएलही सांभाळून घेण्याची त्याची रीत आहे.

म्हणून शुद्धीकरणात प्रथम मजकुराचे ब्राउझरप्रमाणेच प्रमाणित नियमांनी पृथक्करण करून त्याची वृक्षाकार रचना तयार करतात. मग परवानगी दिलेल्या टॅगांच्या व गुणधर्मांच्या यादीशी प्रत्येक घटक ताडून पाहतात. यादीत नसलेले सर्व काही वगळले जाते. टिचकी मारताच आज्ञा चालविणारे गुणधर्म यादीत ठेवीत नाहीत. दुव्यांत एचटीटीपी, एचटीटीपीएस यांसारखे ठरावीक आरंभच ग्राह्य धरतात. उरलेल्या वृक्षापासून मजकूर नव्याने लिहिला जातो. त्यात यानंतर फेरफार केल्यास शुद्धीकरण व्यर्थ ठरू शकते.

मूळ मजकूर जपून तो दाखविताना शुद्ध केल्यास सुधारलेले नियम जुन्या मजकुरालाही लागू होतात. जेथे मांडणीची गरज नाही, तेथे विशेष चिन्हांचे सांकेतिक रूपांतर करून सर्व मजकूर साधा म्हणून दाखविणे अधिक सुरक्षित होय.