पडद्यामागचं पुस्तक
लेखमाला : एकत्र बसण्याचे दिवस (लेखांक 7)

मागच्या रविवारी आपण आकाशवाणीच्या दिवसांविषयी बोललो. आज दूरदर्शनकडे येऊ. बार्शीटाकळीत चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या कुणाशीही टीव्हीचा विषय काढा, एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: “आताचं काही पोरांसोबत बसून पाहता येत नाही.” मग ‘मालगुडी डेज’, ‘वागले की दुनिया’, ‘विक्रम और बेताल’, ‘गोट्या’ अशी नावं निघतात आणि थोड्याच वेळात बोलणं ‘चांदोबा’वर, ‘श्यामची आई’वर, ‘फास्टर फेणे’वर जातं. टीव्हीवरून सुरू झालेलं बोलणं दरवेळी पुस्तकांवर का पोचतं? या आठवड्याच्या लेखाचा विषय हाच आहे. याचं उत्तर सापडलं, तर आजच्या मुलांसाठी काय करायचं तेही कळेल.

आधी थोडा इतिहास पाहू. त्याचा एक धागा थेट अकोल्याला येऊन मिळतो. सत्तरच्या दशकात लोकसभेत अकोल्याचं प्रतिनिधित्व केलेले वसंत साठे पुढे वर्ध्यातून निवडून गेले आणि केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. दूरदर्शनला रंग मिळावा म्हणून त्यांनी सरकारात जोर लावला आणि 1982 साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षात भारतात रंगीत प्रक्षेपण सुरू झालं. त्याच वर्षी मेक्सिकोच्या भेटीत त्यांनी लोकशिक्षणासाठी मालिकांचा वापर कसा होतो ते पाहिलं. त्या कल्पनेतून ‘हम लोग’ उभी राहिली. मनोहर श्याम जोशी यांनी ती लिहिली. 7 जुलै 1984 रोजी पहिला भाग लागला. भाग संपला की अशोक कुमार प्रेक्षकांशी दोन शब्द बोलत, आणि घराघरांत वाटे की कुणी वडीलधारा माणूसच समोर बसून समजावतो आहे.

मालिका बनली तरी ती गावापर्यंत पोचायला हवी होती. ऑगस्ट 1983 मध्ये ‘इन्सॅट-1बी’ उपग्रह आकाशात गेला आणि 1984 मध्ये देशभरच्या लहान शहरांत कमी शक्तीचे प्रक्षेपक बसवण्याची मोहीम निघाली. त्या वर्षी काही महिने तर जवळपास रोज एक नवा प्रक्षेपक सुरू होत होता. अशा छोट्या प्रक्षेपकाचा पल्ला साधारण 20 ते 25 किलोमीटर. बार्शीटाकळी अकोल्यापासून वीसेक किलोमीटरवर, म्हणजे लहरींच्या अगदी काठावर. म्हणून आपल्याकडे धाब्यावर उंच बांबूला बांधलेला अँटेना, त्याला लावलेला बूस्टर आणि वर चढलेला पोरगा हे टीव्हीचेच भाग होते. वरून “आलं काय बे?” आणि खालून “मुंग्याच हायेत अजून!” ही प्रश्नोत्तरं झाल्याशिवाय कार्यक्रम सुरू होत नसे. वीज गेली तर कुणाच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची आणि ब्लॅक अँड व्हाइट सेट त्यावर चालवायचा, ही तयारीही असे.

यात एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. हे छोटे प्रक्षेपक सुरुवातीला उपग्रहावरून येणारा दिल्लीचा कार्यक्रम तेवढा पुढे देत. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 पासून सुरू होतं, पण त्याचे मराठी कार्यक्रम दिसत ते मुंबई-पुण्याच्या परिसरात. सत्तरच्या दशकाअखेर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ उभे केले, तेव्हा मुंबई-पुणं हसत होतं आणि वऱ्हाडातल्या बहुतेक घरांना त्याचा पत्ताही नव्हता. मुंबईचे मराठी कार्यक्रम उपग्रहावरून राज्यभर देण्याची सोय ऐंशीच्या दशकात पुढे झाली. म्हणजे वऱ्हाडातल्या मुलांना टीव्ही भेटला तो आधी हिंदीतून. मराठी माणसाचं मध्यमवर्गीय घर आपण पहिल्यांदा पाहिलं ते ‘वागले की दुनिया’त आणि वागले कुटुंब बोलत होतं हिंदी.

मग आपलं मराठी बालपण कुठून आलं? ते कागदावरून आलं. चिमणराव आपल्याकडे चिं. वि. जोशींच्या पुस्तकातून आला, चित्र फार उशिरा आलं. मूळच्या मद्रासच्या ‘चंदामामा’ची मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ 1952 पासून निघत होती आणि स्टेशनवरच्या, एसटी स्टँडवरच्या स्टॉलमधून खेड्यापाड्यात जात होती. बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासून शाळाशाळांत पोचलं. नागपूरहून निघणारं ‘मुलांचे मासिक’ हे तर विदर्भाचं घरचं मासिक. परतवाड्यात जन्मलेले गो. नी. दांडेकर मुलांसाठी ‘आईची देणगी’ लिहीत होते. आपल्या गावात मराठीइतकीच उर्दूही बोलली जाते. उर्दू शाळेत जाणाऱ्या घरांत दिल्लीहून येणारं ‘खिलौना’ हे मासिक त्याच ओढीनं वाचलं जाई. मुलं अंक बदलून घेत. ज्याला जी लिपी येत नाही त्याला दुसऱ्यानं गोष्ट वाचून सांगावी, असा हा व्यवहार होता.

आता ज्या मालिकांची आठवण आपल्याला येते त्यांची यादी पुन्हा एकदा नीट पाहा. ‘मालगुडी डेज’मागे आर. के. नारायण यांचं लेखन आहे. त्यातला स्वामी ज्या ‘स्वामी अँड फ्रेंड्स’मधून आला, ती कादंबरी 1935 ची. त्याच वर्षी साने गुरुजींची ‘श्यामची आई’ पुस्तकरूपानं निघाली. एकाच वर्षी भारतीय वाचकांना दोन मुलगे मिळाले. एक दक्षिणेतल्या कल्पित गावात क्रिकेटसाठी शाळा चुकवणारा, दुसरा कोकणात आईच्या धाकात आणि मायेत घडणारा. शंकर नाग यांनी कर्नाटकातल्या आगुंबे गावात मालिका चित्रित केली, आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रं तिला लाभली आणि मालगुडीचं ते छोटं स्टेशन आपल्याला इतकं ओळखीचं वाटलं, कारण आपलंही गाव छोट्या लाईनवरचं होतं. खंडवा-अकोला-पूर्णा मार्गावरच्या मीटर गेजच्या गाडीची वाट पाहणाऱ्या मुलाला मालगुडी समजावून सांगावी लागली नाही.

‘विक्रम और बेताल’ 1985 मध्ये आली, पण झाडावरचं प्रेत खांद्यावर टाकून निघालेला राजा ‘चांदोबा’च्या पानांवर चित्रकार शंकर यांच्या चित्रांतून आधीच पाठ झाला होता, आणि त्याच्याही मागे सोमदेवाचा अकराव्या शतकातला ‘कथासरित्सागर’ होता. ‘भारत एक खोज’ श्याम बेनेगल यांनी 53 भागांत केली. तिचं मूळ असलेलं पुस्तक नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवासात लिहिलं. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढली. महाराष्ट्रातल्या दोन तुरुंगांतून निघालेल्या या पुस्तकांनी पुढच्या पिढ्यांच्या घरातली संध्याकाळ घडवली. ‘गोट्या’मागे ना. धों. ताम्हनकर आहेत. ‘फास्टर फेणे’मागे भा. रा. भागवत आहेत. सुमीत राघवन यांनी तो दूरदर्शनवर केला आणि 2017 च्या चित्रपटात खुद्द भागवतांची भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केली. पडद्यावरचे चिमणराव असलेल्या प्रभावळकरांनी आकाशवाणीसाठी ‘बोक्या सातबंडे’ लिहिला आणि तोही पुढे पुस्तकांत आला.

यावरून माझं म्हणणं एवढंच आहे: आपण ज्याला चांगला टीव्ही म्हणतो, त्याचा मोठा भाग चांगल्या पुस्तकांचा होता. त्या मालिकांतला स्वच्छपणा निर्मात्यांच्या सोवळेपणातून आलेला नव्हता. लेखकानं एखाद्या मुलाकडे, एखाद्या कारकुनाकडे, एखाद्या आईकडे वर्षानुवर्षं टक लावून पाहिलं होतं, ते पाहणं पडद्यावर उतरलं. म्हणून ‘मालगुडी डेज’मध्ये शिक्षकांचा मार आहे, खोटं बोलणं आहे, मित्र तुटणं आहे, तरी ती आजीसोबत बसून पाहता येते. आणि ‘श्यामची आई’त गरिबी आहे, अपमान आहे, मरण आहे, तरी ती मुलाच्या हाती देताना आपला हात अडखळत नाही. दुःख वगळल्यानं गोष्ट घरात चालण्याजोगी होत नाही. त्या दुःखातल्या माणसाची लाज राखली की ती होते.

दुसरं कारण आपल्या घरांच्या सवयीत आहे. टीव्हीसमोर एकत्र बसणं वऱ्हाडाला शिकवावं लागलं नाही. श्रावणात ‘शिवलीलामृत’ लावायचं, घरात ‘गजानन विजय’चं पारायण करायचं, एकानं वाचायचं आणि ओसरीवर बसलेल्यांनी ऐकायचं, अध्याय संपला की उठायचं आणि उरलेलं उद्यावर ठेवायचं, ही शिस्त आपल्याकडे आधीपासून होती. 25 जानेवारी 1987 रोजी ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा लोकांनी टीव्हीला हार घातले, उदबत्त्या लावल्या, कारण ते त्यांना पोथी लावल्यासारखंच होतं. पुढं ‘महाभारत’ आलं, त्याचे संवाद राही मासूम रझा यांचे. दोन्ही मालिकांना आठवड्याची वाट होती. त्या सात दिवसांत शाळेत, पाणवठ्यावर, कापूस वेचताना पुढं काय होईल याची चर्चा होई. गोष्ट पाहण्याइतकीच ती सांगितली जाई. ज्यांना पाहायला मिळालं नाही त्यांना ती या सांगण्यातूनच मिळे.

ज्यांना पाहायला मिळालं नाही, असेही पुष्कळ होते, आणि हे लिहिल्याशिवाय त्या दिवसांचं कौतुक करणं खोटं ठरेल. गावात सेट मोजके. ज्याच्या घरी सेट, त्याच्या मर्जीवर पाहणं. काही मुलं बाजेवर बसत, काही अंगणात उभी राहत, काहींना खिडकीच्या गजांतून जेवढं दिसेल तेवढं. कोण कुठं बसेल हे केवळ वयावर ठरत नसे, जातीवर आणि ऐपतीवरही ठरे. घरातल्या बाईच्या वाट्याला चुलीपाशी बसून आवाज तेवढा येई. सगळं गाव एकत्र बसत होतं असं आपण आज म्हणतो, तेव्हा त्या अंगणात उभ्या असलेल्या मुलाला आणि भाकरी थापणाऱ्या आईला विचारूनच म्हणावं. पुस्तकाचंही तसंच होतं, पण फरक एक होता. हातातला ‘चांदोबा’ अंगणातला मुलगाही बाभळीखाली बसून एकटा, निवांत, हवा तितका वेळ वाचू शकत होता. त्याला कुणाच्या मर्जीची वेळ पाहावी लागत नव्हती.

मानसशास्त्रज्ञ सांगतात की माणसाला उतारवयात सर्वांत जास्त आठवतं ते साधारण 10 ते 30 या वयातलं. त्या काळात सगळं पहिल्यांदा घडत असतं, म्हणून ते खोल रुजतं. त्यामुळे प्रत्येक पिढीला आपल्याच लहानपणचं चांगलं वाटणार, हे मान्य करायला हवं. पण सगळं या एका कारणावर ढकलूनही चालत नाही. 28 मार्च 2020 पासून टाळेबंदीत दूरदर्शननं ‘रामायण’ पुन्हा दाखवलं, तेव्हा ते पाहणाऱ्यांत ज्यांचा जन्मच नंतरचा अशी मुलंही होती. एप्रिलमध्ये जुन्या मालिकांसाठी ‘डीडी रेट्रो’ ही वेगळी वाहिनीच निघाली. त्या मुलांच्या मनात जुन्या दिवसांची ओढ असण्याचं कारण नव्हतं. त्यांना गोष्ट मिळाली आणि सोबत आई-वडील रिकामे मिळाले. या दोन गोष्टी एकत्र आल्या की आजचं मूलही जागचं हलत नाही, हे त्या महिन्यांत घराघरांत दिसलं.

म्हणून जुन्या मालिका शोधून मुलांना जबरदस्तीनं दाखवण्यात अर्थ नाही. त्यांची चित्रं मुलांना संथ वाटतील, आणि तसं वाटण्याचा त्यांना हक्क आहे. द्यायचं असेल तर मूळ द्या, म्हणजे पुस्तक आणि त्याच्यासोबत आपला वेळ. हे आज पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीनं संकेतस्थळावर मोफत खुले केले आहेत. ज्या मोबाइलबद्दल आपण दिवसभर तक्रार करतो, त्याच मोबाइलवर ते उघडतात. ‘फास्टर फेणे’ आणि ‘श्यामची आई’ नव्या छपाईत मिळतात. 1967 च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगावी सार्वजनिक वाचनालयं उभी राहिली. आपल्या जवळच्या वाचनालयात जाऊन बालविभागाचं कपाट उघडायला सांगा. ते कपाट बंद असेल तर ते मुलं येत नाहीत म्हणून बंद आहे. चार मुलं रोज जाऊ लागली तर उघडेल.

दिवाळीच्या सुट्या जवळ येत आहेत. कापसाची घाई असेल, दिवस थकवणारा असेल, हे मी जाणतो. तरीही संध्याकाळी जेवणाआधीचा अर्धा तास राखून ठेवा आणि घरातल्या कुणीतरी एक गोष्ट मोठ्यानं वाचा. आजीला वाचता येत नसेल तर नातवानं वाचावं आणि आजीनं ऐकावं. एका दिवसात एकच प्रकरण वाचा, उरलेलं उद्यावर ठेवा. शेजारच्या घरातलं मूल दारात उभं असेल तर त्याला आत बोलवा आणि आपल्या मुलाशेजारी बसवा. आपल्या लहानपणी हे सगळ्यांना मिळालं नाही, आता ते देणं आपल्या हातात आहे.

पुढच्या रविवारी : शाळेतली वाचनपेटी, तिची कल्पना आणि ती चालवण्याची रीत.